ओळखून घेणे, ओळखून सोडणे

मृगाचा पाऊस दोन-चार दिवस लागून पडला की वेंगुर्ल्याच्या बाजारातील टोपल्यांचा रंग पालटतो. आठ दिवसांपूर्वी जेथे आंबे, ओली कोकमे आणि फणस यांच्या राशी होत्या, तेथे हिरव्या पाल्याचे लहान लहान वाटे मांडलेले दिसू लागतात. तुळस, मठ, आडेली, वेतोरे, दाभोली, मोचेमाड अशा भोवतालच्या गावांतून सकाळच्या एसटीने आलेल्या स्त्रिया गोणपाट अंथरून बसतात. बहुतेकींजवळ तराजू नसतो. पाल्याचा वाटा आणि दोरीने बांधलेली जुडी हीच त्यांची मापे.

व्यापारानिमित्त या भागात नव्याने स्थायिक झालेले गिऱ्हाईक त्या वाट्यांपुढे थबकते. पाला मेथीसारखा दिसतो, पण मेथी नव्हे. विचारल्यावर विक्रेती आपल्या मालवणीत सांगते, "टाकळो तो. शेंडे तेवढे घेवा, जून देठ टाकून देवा." वनस्पतीचे नाव, घ्यावयाचा भाग आणि टाकावयाचा भाग एवढे सगळे त्या दोन वाक्यांत सांगून होते. छापील वेष्टनावर असा मजकूर नसतो, आणि या मालाला वेष्टनही नसते.

जैन घरातील गृहिणीला हा वाटा निराळ्याच कारणाने विचारात पाडतो. कोकणची जमीन वर्षातील सर्वाधिक हिरवा पाला देऊ लागते, त्याच सुमारास जैन स्वयंपाकघरातून पालेभाजी रजा घेते. निसर्ग देत आहे आणि नियम थांबवीत आहे, असा हा प्रसंग दर वर्षी येतो. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हे समजून घेण्यासाठी वेंगुर्ल्याच्या भाजीबाजाराचे वर्ष पाहण्यासारखे आहे.

पहिल्या पावसाच्या भाज्या

पहिल्या सरींबरोबर रस्त्याच्या कडेला, माळावर आणि पडीक जमिनीत टाकळा उगवतो. त्याची पाने संध्याकाळी मिटतात, यावरून लहान मुलेही त्याला ओळखतात. कोवळ्या शेंड्यांची भाजी ओले खोबरे आणि फणसाच्या आठळ्या घालून केली जाते. व्यापारी कुटुंबांना ठाऊक असावी अशी एक गोष्ट म्हणजे याच टाकळ्याचे बी देशात मोठ्या प्रमाणावर गोळा होते. त्यापासून काढलेला डिंकासारखा पदार्थ खाद्य दाट करण्यासाठी वापरतात व तो परदेशी पाठविला जातो. बी भाजून कॉफीऐवजी वापरण्याचीही जुनी रीत आहे. ज्याला तण म्हणून उपटून टाकतात, त्याचा असा बाजार आहे.

टाकळ्यापाठोपाठ फोडशी येते. तिला कुलूची भाजी असेही म्हणतात. गवतासारखी लांब पाती आणि खाली पांढरट दांडा असे तिचे रूप असते. गवत आणि फोडशी यांतील भेद नवख्याला चटकन कळत नाही. कुर्डूची पाने फुलांचे तुरे येण्यापूर्वीच खुडतात. भारंगीची कोवळी पाने कडवट असल्याने ती उकडून, पाणी काढून टाकून मगच फोडणीस घालतात. ओलसर जागी आपोआप वाढणारे तेरे हे अळूचे रानटी भावंड. त्याला आंबटाची जोड दिल्यावाचून ते शिजवीतच नाहीत.

आंबटाच्या या आग्रहामागे कारण आहे. अळूवर्गातील वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते जिभेला व घशाला टोचतात आणि खाज सुटते. म्हणून अळू चांगले शिजवून त्यात कोकम, चिंच किंवा अंबाडे घालण्याची पद्धत पडली. कोकणातल्या कोणत्याही आजीने रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता ही गोष्ट सुनेला सांगितलेली असते.

अशी रीत कोकणापुरतीच नाही. देशाच्या दुसऱ्या टोकाला, तितक्याच पावसाच्या आसामात, कोकमाच्याच कुळातील ठेकेरा नावाचे फळ काप करून वाळवितात आणि आंबट रस्स्यासाठी ठेवतात. तेथे अळूला कसू म्हणतात आणि तोही आंबट घालून शिजवितात. मंडूकपर्णीला तेथे मानिमुनी हे नाव आहे. रंगाली बिहूच्या दिवसांत एकशे एक प्रकारचा पाला गोळा करून खाण्याची प्रथा आसामी घरांत सांगितली जाते. आज एवढे प्रकार थोड्यांनाच मिळत असतील. पण एकशे एक पाने वेगळी ओळखता येणारी माणसे गावात होती, म्हणूनच ही प्रथा जन्मली. राजस्थानातून व्यापारासाठी गेलेली जैन कुटुंबे आसामात पिढ्यान्पिढ्या राहत आहेत. वेंगुर्ल्यातील गृहिणीला पडणारा प्रश्न गुवाहाटीतील गृहिणीलाही पडतच असणार.

सोडण्याचा काळ

जैन परंपरेत पालेभाजीचा त्याग किती काळ, हे पंथ, गच्छ आणि घराची रीत यांप्रमाणे बदलते. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेतील अनेक घरांत फाल्गुन चौमासीपासूनच भाजीपाला बंद होतो, तो थेट कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. इतर अनेक घरांत आषाढ चौमासीपासून चातुर्मासापुरता त्याग असतो. दिगंबर घरांतही पावसाळ्यात पालेभाजी टाळण्याचा परिपाठ आहे. प्रत्येकाने आपापल्या गुरुमहाराजांनी सांगितल्याप्रमाणे वागावे, हे उघडच आहे.

त्यामागची दृष्टी मात्र सर्वत्र एकच आहे. पावसाळ्यात ऊन कमी, ओल फार. पानाच्या मागच्या बाजूस, देठाच्या बेचक्यात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते. कितीही निवडले, कितीही गाळलेल्या पाण्याने धुतले, तरी जयणा पूर्णपणे पाळली गेली असे छातीठोकपणे सांगता येत नाही. तेव्हा काही महिने पाल्याला हातच लावू नये, असा हा विचार आहे.

कोकणातील शेतकरी घरांतही याच्याशी जुळणारी शिस्त आढळते. टाकळा पहिल्या पावसातलाच खावा, पुढे तो जून होतो आणि त्यावर अळ्या पडतात, असे जाणत्या स्त्रिया सांगतात. हिंदू परंपरेच्या चातुर्मासातही पहिल्या महिन्यात शाकव्रत, म्हणजे भाजी वर्ज्य करण्याचे व्रत सांगितले आहे. कारणे आणि शब्द वेगळे असले, तरी पावसाळ्यात पानाकडे जपून पाहावे, याविषयी दोन्ही घरांचे एकमत दिसते.

कंदमुळांचा विषय याहून निराळा. सुरण, मुळा, ओले आले, ओली हळद यांप्रमाणेच बांबूचे कोवळे कोंब आणि पावसात उगवणारी अळंबी यांचीही गणना अनंतकायात केलेली आहे. त्यांचा त्याग ऋतूपुरता नसून बारमाही असतो. वेंगुर्ल्याच्या टोपलीत अळूचे पान, सुरणाचा कंद आणि अळंबी शेजारी शेजारी ठेवलेली असतात. त्यांतील कोणती वस्तू कोणत्या नियमात येते, हे वनस्पती ओळखल्यावाचून ठरविता येत नाही.

बावीस अभक्ष्यांमध्ये अजाण फळाचाही समावेश आहे. ज्याचे नाव-गुण ठाऊक नाहीत ते फळ-फूल खाऊ नये, असा तो नियम. या संदर्भात वंकचूलाची कथा घरोघरी सांगितली जाते. वाट चुकलेला हा राजपुत्र चोरांचा म्होरक्या बनला होता. पावसाने अडलेल्या आचार्यांनी त्याच्या वस्तीत, उपदेश न करण्याच्या अटीवर, चातुर्मास केला. निरोपाच्या वेळी त्यांनी त्याला चार साधे नियम दिले. त्यांतील एक अजाण फळ न खाण्याचा होता. पुढे रानात भुकेल्या साथीदारांना सुंदर फळे सापडली. वंकचूलाने फळाचे नाव विचारले, ते कोणालाच सांगता येईना. त्याने हात आवरला. खाणारे दगावले, कारण ती किंपाकाची विषारी फळे होती.

ही कथा आजही कालबाह्य झालेली नाही. कोकणातील पावसाळी रानात खाण्याजोग्या पाल्याशेजारीच कळलावीसारखी विषारी वेल उगवते. तिची फुले दिसू लागल्यावर ओळख सोपी असते; कोवळ्या कोंबाच्या अवस्थेत फसगत होऊ शकते. म्हणून मोबाइलवरील छायाचित्र पाहून रानातला पाला खुडण्याचा उत्साह कोणी दाखवू नये. हे रान पिढ्यान्पिढ्या पाहिलेल्या माणसाची साक्ष येथे आवश्यक असते.

मांडवावरच्या भाज्या

पालेभाजी सोडली म्हणून पावसाळ्यात ताट रिकामे राहत नाही. श्रावण उजाडेपर्यंत वेंगुर्ल्याच्या परसातील मांडव भरून आलेले असतात. शिराळी, पडवळ, दुधी, कारली आणि तवसे ही सारी वेलीवरची फळे. सोबतीला लांब, फिकट हिरवी गावठी भेंडी आणि लाल भोपळा असतो. बटाटा न खाणाऱ्या घरांना कच्चे केळे आणि नीरफणस हे दोन्ही मोठे आधार आहेत. नीरफणसाचे काप तव्यावर परतले की बटाट्याची आठवण होत नाही. कांदा-लसणावाचून चव कशी आणावी, हा प्रश्न या मुलखात फारसा उरत नाही. ओले खोबरे, सुकी मिरची, मोहरी, हिंग आणि कोकम एवढ्या साहित्यावर येथील नैवेद्याचा स्वयंपाक पूर्वापार चालत आलेला आहे.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने याच वेलवर्गीय भाज्यांच्या सुधारित जाती शेतकऱ्यांना दिल्या आहेत. कोकण तारा हे कारले, कोकण श्वेता हे पडवळ आणि कोकण हरिता ही शिराळी, ही नावे बियाण्याच्या दुकानात ऐकू येतात. याच विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र १९५७ पासून वेंगुर्ल्यात आहे, आणि वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा काजूच्या जातींमुळे गावाचे नाव देशभर गेले.

गणेशचतुर्थीला या भाज्यांचे आणखी एक दर्शन घडते. गणपतीवर छताला माटवी बांधतात. तीत नारळ, सुपारीचा घड, तवसे, चिबूड यांबरोबर कवंडळासारखी रानफळे आणि रानातली फुले-पाने टांगलेली असतात. ती आणावयास घरातील मुले मोठ्यांबरोबर रानात जातात आणि नावे शिकून येतात. वनस्पतींचा असा पाठ वर्षातून एकदा घराघरांत होतो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमी येते. या दिवशी बैलाच्या कष्टातून पिकलेले काहीही खावयाचे नाही, असा येथील स्त्रियांचा नियम आहे. परसात हाताने लावलेल्या भाज्या एकत्र शिजवून ऋषीची भाजी करतात. तीत सुरणासारखे कंद असल्याने जैन घरांत ती जशीच्या तशी चालणार नाही. पण नियमामागचा विचार जैन मनाला सहज उमगेल. याच चतुर्थी-पंचमीच्या सुमारास श्वेतांबर घरांत संवत्सरी असते आणि दिगंबर घरांत दशलक्षण पर्वाचा आरंभ होतो. एका घरी सर्व जीवांची क्षमा मागितली जाते, तर शेजारच्या घरी बैलाच्या श्रमाचा घास त्या दिवसापुरता बाजूला ठेवला जातो.

घाटावरून उतरणारा माल

आज वेंगुर्ल्याच्या बाजारातील मोठा भाग या टोपल्यांनी व्यापलेला नाही. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, मेथी, कोथिंबीर बेळगाव आणि कोल्हापूरकडून आंबोली घाटाने खाली येते. एकेकाळी माल उलट दिशेनेही चढत असे. १६३७ मध्ये डचांनी येथे वखार थाटली, १८१२ मध्ये गाव इंग्रजांकडे गेले, आणि एकोणिसाव्या शतकात वेंगुर्ले हे बेळगाव मुलखाचे समुद्रावरील दार बनले. बंदरात उतरलेला माल घाट चढे आणि घाटमाथ्यावरचा कापूस बंदरात येई. १८८० च्या दशकाच्या अखेरीस मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडले गेले आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. घाटाचा रस्ता राहिला. आता त्यावरून भाजी उतरते.

घाटावरच्या भाजीत वाईट काही नाही. ती बारमाही मिळते, वजनावर मिळते आणि अनेक कुटुंबांचा चरितार्थ तिच्यावर चालतो. परंतु तिच्यापुढे गावठी टोपली टिकत नाही, याचे गणित व्यापाऱ्याला सहज कळेल. टोपलीचे भांडवल म्हणजे एका बाईची पहाट. पहाटे खुडणे, निवडणे, जुड्या बांधणे, एसटीचे भाडे, बाजारात बसण्याची पावती, हा सारा तिचा खर्च. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या प्रवासात स्त्रियांना मिळणाऱ्या ५० टक्के सवलतीने त्यातील एक रक्कम हलकी झाली, हे खरे. पण मालाचे आयुष्य एका दिवसाचे. संध्याकाळी उरलेला वाटा म्हणजे बुडीत खात्यातली रक्कम. ती दुसऱ्या दिवशी वसूल होत नाही. दुकानातील साबण किंवा कापड उद्या विकले जाईल, टाकळा विकला जाणार नाही. त्यात दोन रुपयांची घासाघीस झाली की नफ्याचा भागच निघून जातो.

या व्यवहाराची नोंदही कोठे होत नाही. सातबाराच्या उताऱ्यावर भात, नारळ, आंबा, काजू दिसतात आणि त्यांवर पीककर्ज मिळते. माळावरचा टाकळा किंवा कुंपणावरचे पडवळ तेथे सापडत नाही. म्हणून बँकेच्या दृष्टीने ही बाई बहुधा निरुत्पन्न असते. गावोगावच्या बचत गटांनी ही उणीव थोडीफार भरून काढली आहे. अलीकडे कृषी विभागातर्फे ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरतात, तेथे या भाज्यांना नावाची पाटी मिळते. परंतु महोत्सव एखाद्या दिवसाचा असतो आणि टोपली रोज उचलावी लागते.

टोपली बंद झाली तर नुकसान केवळ त्या बाईचे होत नाही. खुडण्याचे कारण संपले की ओळखही संपते. तिची मुलगी कुडाळला किंवा पणजीला नोकरी करते. तिने आईबरोबर बांधावरून हिंडून पाने पाहिली नसतील, तर तेरे कोणते आणि खाजरे रानअळू कोणते, हे पुढील पिढीस सांगणार कोण?

कार्तिकी पौर्णिमेनंतर

भाताची कापणी झाली की ओल टिकून राहिलेल्या मळ्यांत भाजी पेरली जाते. सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपून वाढविलेली तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, हे कोकणातील हिवाळ्याचे वैभव. तिच्या सोबतीने मायाळू आणि चवळीच्या लांब शेंगा येतात. ऊन लख्ख असते, पाने कोरडी असतात, निवडणे सोपे जाते. ज्या घरांचा त्याग कार्तिकी पौर्णिमेस पूर्ण होतो, त्यांच्यासाठी कोकणची जमीन जणू याच वेळी दुसऱ्यांदा पान वाढते. तांबड्या भाजीला तेलात मोहरी, हिंग, सुकी मिरची यांची फोडणी आणि वरून ओले खोबरे, एवढे पुरे असते.

वर्षाचा हा सारा हिशेब मांडला तर नियम आणि निसर्ग यांत वाटला तेवढा विरोध राहत नाही. पाला सोडावयाचा त्या महिन्यांत वेलीवरची फळभाजी भरपूर असते, आणि पाला घ्यावयाचा तेव्हा उन्हातला स्वच्छ पाला तयार असतो. राहता राहिला पहिल्या पावसाचा टाकळा. तो अनेक जैन घरांच्या ताटात कधीच येणार नाही. परंतु ताटात न आणणे आणि ठाऊक नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जे ओळखीचेच नाही, ते सोडले असे कसे म्हणावे? प्रत्याख्यान घेताना वस्तूचे नाव उच्चारावे लागते. नाव विसरले गेले तर त्याग उरत नाही, फक्त अपरिचय उरतो.

म्हणून चातुर्मासातही मुलांना बरोबर घेऊन गावठी भाजीच्या रांगेतून एक फेरी मारण्यास हरकत नाही. विक्रेतीला प्रत्येक वाट्याचे नाव विचारावे. कोणता भाग खातात, कोणता टाकतात, कोणत्या महिन्यापर्यंत खातात, हे ती हौसेने सांगते. आपल्याकडे काय चालते आणि काय चालत नाही, हे मुलांना तेथेच समजावून द्यावे. मग टाकळ्याचा वाटा तिच्यापाशी ठेवून तिच्याच टोपलीतील भेंडी, शिराळी किंवा पडवळ घ्यावे, आणि शक्यतो सांगितलेल्या भावात घ्यावे. पाल्याची विक्री थांबलेल्या महिन्यांत तिला गिऱ्हाईक मिळते आणि घराचा नियमही अभंग राहतो.

काही महिन्यांनी, कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर, तीच बाई तांबड्या भाजीच्या जुड्या घेऊन त्याच जागी बसलेली असेल. तोवर तिला त्या घराचा नियम पाठ झालेला असतो. "आता चलता मा तुमका?" असे विचारून ती जुडी पुढे करते.